सिएम रीपला माझं रक्त चाललं नाही

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई, तिथून बँकॉकमार्गे कंबोडियातलं सिएम रीप. अंकोरवाटला सूर्योदयाच्या वेळी तळ्याकाठी इतकी रेटारेटी, की मला देवळाचा कळसही धड दिसला नाही. जेवणाला तिखटाचा पत्ता नाही. घरून नेलेली कांदा-लसूण चटणी दुसऱ्याच दिवशी संपली. पण मला सांगायचंय ते तिसऱ्या दिवसाचं.

दोन वर्षांपूर्वी मला डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, 6 केमो, 25 रेडिएशन. चौथ्या केमोनंतर हिमोग्लोबिन इतकं उतरलं की रक्त चढवावं लागलं. रक्तपेढीनं बदली रक्तदाते मागितले, तेव्हा पेठेतल्या तालमीची चार पोरं निरोप मिळताच आली. तो दिवस मी विसरलेली नाही.

ता प्रोम या अंकोरच्याच जुन्या देवळाच्या दारात सात-आठ वर्षांची एक मुलगी पोस्टकार्डं विकत होती. पाय अनवाणी. मी तिची सगळी कार्डं घेतली आणि फार बरं वाटलं. गाइड हळूच म्हणाला, "तुम्ही घेतलीत, म्हणजे उद्याही तिला शाळेऐवजी इथंच पाठवतील." मला त्याचा राग आला. पाच मिनिटांनी कळलं, तो खरं बोलत होता. मग मुलांसाठी करायचं तरी काय, असं विचारलं तर त्यानं परतीच्या वाटेवर रिक्षा एका मोठ्या रुग्णालयापाशी थांबवली.

राजा सातव्या जयवर्मनच्या नावाचं हे मुलांचं रुग्णालय. बेआट रिखनर या स्विस बालरोगतज्ज्ञानं 1999 साली ते सुरू केलं. उपचार पूर्ण मोफत. पैसे जमवायला हे डॉक्टर शनिवारी संध्याकाळी इथंच चेलो वाजवायचे. तरुण प्रवाशांकडं रक्त मागायचे, वयस्करांकडं पैसे. 2018 साली ते गेले. अंकोरच्या 37 डॉलरच्या तिकिटातले 2 डॉलर या डॉक्टरांच्या रुग्णालयांना जातात, हेही तिथंच कळलं. ज्या राजाचं नाव दिलंय, त्याच्या राज्यात 102 आरोग्यशाळा होत्या, असं ता प्रोमच्या संस्कृत शिलालेखात आहे. सकाळी त्याच देवळातून आम्ही नुसते फोटो काढत फिरलो होतो.

डेंग्यूचे दिवस होते. फाटकाबाहेर आया चटया टाकून बसलेल्या, मांडीवर तापानं मलूल झालेली लेकरं. एका बाळानं माझ्या केसांत हात घातला. केमोनंतर माझे केस कुरळे उगवलेत. त्याची आई ओशाळली; मी मान हलवून म्हटलं, "असू दे गं." मराठीतच.

फाटकाशी रक्त हवं असल्याचा फलक होता. मी आत गेले आणि उजवा हात पुढं केला. डाव्या हाताला सूज येते, तिथं सुई टोचत नाहीत. नर्सनं आजारांची यादी पुढं ठेवली. कॅन्सरवर बोट ठेवलं तशी तिनं माझा हात हातात घेतला आणि नाही म्हणून मान हलवली. चालणार नाही हे डॉक्टरांनी कोल्हापुरातच सांगितलं होतं. तरीही मला रडू आवरेना. घेतलं तेव्हा कुणी यादी दाखवली नव्हती.

मागून लेक म्हणाली, "आई, सरक. मी देते." ती पलंगावर आडवी झाली. पिशवी भरेपर्यंत मी तिच्या उशाशी बसून होते. ह्यांनी बाहेर पेटीत पैसे टाकले, किती ते मी विचारलं नाही.

परत आल्यावर तालमीत पेढे घेऊन गेले. तेव्हा कोण कोण आलं होतं, विचारलं. एक पोरगा म्हणाला, "काकू, आमचं रक्त पेढीत गेलं. तुम्हाला चढलं ते कुणाचं होतं, कुणास ठाऊक." मग म्हणाला, "गणपतीत शिबिर हाय."

शिबिराच्या नाश्त्याचं मी बघते, असं सांगून आले.