गुरुजींची डायरी आणि सुमोचे ॲव्हरेज

डिसेंबर 2023 मधल्या एका रविवारी सकाळी, नाशिकमधल्या माझ्या गॅरेजचे शटर जेमतेम अर्धे वर गेलेले असताना, निफाड तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी आपल्या पुतण्याला घेऊन दारात उभे राहिले. मागे त्यांची 2006 सालची टाटा सुमो व्हिक्टा उभी होती. अकरा माणसांच्या एकत्र कुटुंबाची ती एकुलती एक मोठी गाडी. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर 2021 मध्ये तिची नोंदणी त्यांनी पाच वर्षांसाठी पुन्हा करून घेतली होती, आणि आता ती विकून टाकावी की ठेवावी, हा प्रश्न घेऊन ते आले होते. पूर्वी लिटरला साडेबारा किलोमीटर चालणारी गाडी सव्वानवावर आली होती, आणि दुसऱ्या एका ठिकाणी डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेशन करणे, सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारे चारही नोझल बदलणे असा 31,000 रुपयांचा अंदाज त्यांना मिळाला होता. डिझेल नव्वद रुपयांच्या पुढे गेलेले असताना महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या घराला हा फरक किती जाचतो, ते त्यांनी मला तोंडी हिशेब करून सांगितले. ते गणित शिकवत असत.

नाशिकमध्ये डिझेल गाडीचे ॲव्हरेज पडले की पहिला संशय नोझलवर जातो, हे काहीसे स्वाभाविकही आहे. ज्या शहरात मायको, म्हणजे आजच्या बॉश, कंपनीच्या कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या नोझल तयार झाले आणि एका चौकाला आजही मायको सर्कलच म्हणतात, तिथे पंप आणि नोझलची जाणकार माणसे पावलोपावली भेटतात, आणि ज्याच्या हाती जे हत्यार, त्याला तोच आजार दिसतो. मात्र ही गाडी माझ्यासमोर कडाक्याच्या थंडीत, हीटरचा दिवा विझताच, अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली होती. एकही सिलिंडर मिस होत नव्हता आणि धूर पांढरा नव्हता. नोझल ठिबकत असते किंवा पंप झिजलेला असता, तर थंड इंजिनाने ते सर्वांत आधी सांगितले असते. त्यामुळे पंपाला हात लावण्याआधी बाकी सारे पाहून घेऊ, असे मी म्हणालो.

तेव्हा गुरुजींनी पिशवीतून एक डायरी काढली, आणि तो दिवस माझ्या नेहमीच्या दिवसांपेक्षा वेगळा ठरला.

गाडी घेतल्यापासूनची डिझेलची प्रत्येक नोंद तीत होती: तारीख, मीटरचे वाचन, लिटर, दर, टाकी फुल केली की नाही, आणि शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना. ॲव्हरेज हळूहळू घसरत गेले, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु आम्ही बोट ठेवत ठेवत आकडे वाचले तेव्हा ते हळूहळू घसरलेले नसून दोन पायऱ्यांनी उतरलेले दिसले. मे 2022 पर्यंत आकडा साडेबाराच्या आसपास होता, त्यानंतर तो साडेअकराच्या खाली आला, आणि नोव्हेंबर 2022 नंतर दहावर येऊन पुढे सव्वानवापर्यंत गेला. इंजिन झिजते तेव्हा ते अशा पायऱ्या करीत नाही. पायरी दिसली, म्हणजे त्या सुमारास कोणीतरी काहीतरी केलेले असते.

नोव्हेंबरचा शेरा होता, ‘टायर 4 नवे, कॅरिअर बसविले.’ मे महिन्याचा शेरा वाचताना मात्र मला थांबावे लागले. ‘11 मे 2022. नांदुरी घाटात इंजिन गरम. रेडिएटर साफ, थर्मोस्टॅट काढला,’ आणि पुढे माझ्याच गॅरेजचे नाव. मी बिलबुक काढून पाहिले. आमच्याच एका मुलाने चोंदलेला रेडिएटर साफ केला होता, आणि उन्हाळ्यापुरता थर्मोस्टॅट काढून ठेवून ‘पावसाळ्यात बसवणे’ अशी टीप लिहिली होती. गुरुजी पावसाळ्यात आले नाहीत, आणि आम्हीही त्यांना फोन केला नाही. त्यांना माझे नाव आठवत होते, म्हणूनच ते माझ्याकडे आले होते की आमच्या त्या चुकीकडे कानाडोळा करून आले होते, हे मी विचारले नाही.

इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. तो झडपेसारखा भाग इंजिन थंड असेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. त्यातले मेण 82 अंशांच्या आसपास वितळून फुगते आणि झडप उघडते. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहते, थंडीत इंजिन कामाच्या तापमानाला पोहोचतच नाही, ऑइल दाट राहते, आणि जळलेल्या डिझेलची उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी सिलिंडरच्या थंड भिंती तापवण्यात जाते. गाडी बंद पडत नाही, आवाज करीत नाही, म्हणून कोणाला कळतही नाही.

मग आम्ही तिघे गाडी घेऊन चांदवडच्या दिशेने निघालो. तो रस्ता बराचसा सपाट आहे आणि राहुडचा घाट चांदवडच्या पुढे लागतो. ओझर मागे पडले तरी तापमानाचा काटा पाव घरही चढला नव्हता. टायर पाहिले तेव्हाच मला एक शंका आली होती. पुतण्याने नातेवाइकाच्या सफारीचे पाहून 235/75 आर 15 मापाचे टायर घातले होते, आणि सुमोचे माप 215/75 आर 15. मी गुरुजींना महामार्गावरचे किलोमीटरचे दगड मोठ्याने वाचायला सांगितले आणि पुतण्याला ट्रिप मीटर शून्यावर आणायला. वीस दगड मागे पडले तेव्हा मीटर 19.2 दाखवत होते.

गाडी कडेला घेताच गुरुजींनी डायरीच्या शेवटच्या पानावर आकडेमोड मांडली. टायरची रुंदी 215 मिलिमीटर, तिच्या पाऊणपट, म्हणजे 75 टक्के, बाजूची उंची 161.25, त्याची दुप्पट 322.5, त्यात पंधरा इंचांच्या रिमचे 381 मिलिमीटर मिळवले की चाकाचा व्यास 703.5. नव्या टायरचे त्याच रीतीने 733.5. ‘म्हणजे चाक शेकडा सव्वाचार टक्क्यांनी मोठे, आणि मीटर तितके मागे,’ ते म्हणाले, आणि पुतण्याकडे पाहून पुढे काही बोलले नाहीत. सव्वानवाच्या ॲव्हरेजमधला एक तुकडा असा केवळ कागदावरचा होता. गाडी प्रत्यक्षात 9.6 चालत होती. आमच्या धंद्यात ॲव्हरेजच्या तक्रारीवर हजारो रुपये खर्च होतात, पण मीटर खरे बोलते का, हे क्वचितच कोणी पाहते.

परतताना मोकळ्या सर्व्हिस रोडवर चाळीसच्या वेगात गाडी न्यूट्रल केली, तर ती एखाद्याने मागून पदर धरल्यासारखी लवकर थांबली. उतरून चाकांजवळ हाताची मागची बाजू नेली. तीन चाके कोमट होती आणि डाव्या पुढच्या चाकाच्या रिमजवळ हात टिकत नव्हता. बाटलीतले पाणी शिंपडले तर चर्र झाले. ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून ब्रेक कायम किंचित धरून राहिला होता, म्हणजे गुरुजी गेले कित्येक महिने थोडा ब्रेक दाबूनच गाडी चालवत होते आणि त्याचे डिझेल भरत होते.

गॅरेजमध्ये आल्यावर बाकीचे भराभर उरकले. हवेचा फिल्टर द्राक्षबागांतल्या रस्त्यांच्या धुळीने नमद्यासारखा झाला होता. नोझलवरचा, उरलेले डिझेल परत नेणारा रिटर्न पाइप तडकून डिझेल झिरपत होते. टायरमध्ये हवा कंपनीच्या आकड्यापेक्षा बरीच कमी, एका चाकात तर 22 पौंड. हवा कमी असली की गाडी मऊ चालते, असे पुतण्याचे मत होते. ती मऊ चालते हे खरेच, कारण मग टायर प्रत्येक फेऱ्यात दबत आणि तापत राहतो. मागच्या आडव्या बाकांखालून ओढायची साखळी, जुने पाटे, भरलेला पाण्याचा कॅन आणि कोणत्याशा कार्यातून आणलेला पाटा-वरवंटा निघाला. या वजनाने फारसा फरक पडत नाही. छतावरचे कॅरिअर मात्र वाऱ्याला आडवे उभे असते, वेग वाढेल तसा वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि वर्षातून दोनदा सप्तशृंग गडावर सामान न्यायला लागणारे कॅरिअर उरलेले सारे दिवस फुकट डिझेल पिते. डिझेलच्या पाइपवर पुतण्याने ‘ॲव्हरेज वाढवणारे’ एक चुंबकही बसवले होते. ते मी काढून स्क्रू उचलायला ठेवून घेतले. त्या कामाला ते उत्तम आहे.

नवा थर्मोस्टॅट आणला, पण बसवण्याआधी चहाच्या पातेल्यात पाणी ठेवून तो दोऱ्याने त्यात सोडला आणि शेजारी थर्मामीटर धरले. गुरुजी चष्मा कपाळावर सरकवून वाकून पाहत होते. ऐंशीपर्यंत काही झाले नाही. मग पितळी चकती नखभर हलली आणि बघता बघता पूर्ण उचलली गेली. ‘शाळेच्या प्रयोगशाळेत हे दाखवायला हवे होते,’ ते म्हणाले. बसवण्याआधी रेडिएटरचा प्रवाह पुन्हा तपासला, कारण तो चोंदलेला असता तर गाडी नांदुरीच्या घाटात परत उकळली असती. इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप काही मिनिटे हाताला गार लागत राहिला आणि मग एकाएकी गरम झाला; काटा मध्यावर येऊन थांबला.

थर्मोस्टॅटचे आणि तो बसवण्याचे पैसे मी घेतले नाहीत. फिल्टर 420, कॅलिपरचे किट आणि ग्रीस 380, रिटर्न पाइप 60, अलाइनमेंट 600 आणि मजुरी 900 असे 2,360 रुपयांचे बिल झाले. मोठे टायर निम्म्याहून अधिक शिल्लक होते, म्हणून ते बदलू नका, झिजले की मूळ मापाचे घ्या, तोवर मीटरच्या आकड्यात सव्वाचार टक्के मिळवा, असे सांगितले. पुतण्याला नव्वदच्या वेगाची हौस होती. पेट्रोलियम संवर्धनाचे काम करणारी पीसीआरए 45 ते 55 च्या वेगाची शिफारस करते. महामार्गावर ते जमत नाही हे मलाही मान्य आहे, म्हणून सत्तरवर आमची तडजोड झाली. ती त्याने किती पाळली, ते गुरुजींनाच ठाऊक.

जानेवारीत गुरुजी एकटेच आले. फुल ते फुल मीटरवर 512 किलोमीटर, दुरुस्त करून 534, आणि डिझेल 44 लिटर, म्हणजे लिटरला बारा किलोमीटरच्या थोडे वर. जुन्या साडेबाराला ते पोहोचले नव्हते, आणि रुंद टायर आहेत तोवर पोहोचेल असे मला वाटतही नव्हते. त्यांनी डायरीत ‘खरे कि.मी.’ असा नवा रकाना आखला होता आणि नोव्हेंबर 2022 पासूनच्या सगळ्या नोंदी लाल शाईने सुधारल्या होत्या. मग 11 मे 2022 चे पान उघडून, त्या शेऱ्यासमोर ‘दुरुस्त केले’ असे लिहून, त्यांनी पेन माझ्या हातात दिले. मी सही केली, खाली तारीख घातली, आणि बिलबुकातल्या त्या जुन्या टिपेवरही रेघ मारली.