विटेवरची नावे

आज चीनमधल्या नानजिंग शहराच्या तटबंदीवर चार तास चाललो. मिंग घराण्याचा संस्थापक झू युआनझांग याने १३६६ मध्ये बांधायला घेतलेल्या या सुमारे ३५ किलोमीटरच्या कोटापैकी जवळपास २५ किलोमीटर अजून उभा आहे. सह्याद्रीतल्या काळ्या दगडाची सवय असलेल्या माझ्या नजरेला विटांचा एवढा प्रचंड तट आधी नाजूकच वाटला. झोंगहुआ दरवाजात सैनिक दडवण्यासाठी केलेली २७ भुयारे आहेत. पण मी रेंगाळलो तो एका राखाडी विटेपाशी, कारण वीट कोणत्या जिल्ह्यातली, देखरेख कोणाची, भट्टी कोणाची आणि पाडणारा कोण, हे अशा विटांवर उमटवलेले असे, म्हणजे ती कच्ची निघाल्यास जाब कोणाला विचारायचा हे ठरलेलेच. वाटाड्याने अक्षरांवरून बोट फिरवले. अधिकाऱ्याचे नाव झिजले होते. वीट पाडणाऱ्याचे आडनाव स्वच्छ वाचता आले.