कार्ड नवीन, स्क्रीन काळी आणि सपोर्टचं एकच पालुपद

नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलंय, एरवी सगळं छान चालतंय, पण गेम किंवा रेंडर सुरू केला की स्क्रीन काळी पडते? मग ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडा आणि कार्डाला वीज कुठल्या वायरीतून जातेय ते बघा. सपोर्टकडून हे एक वाक्य मला मिळालं असतं तर पुढचा सगळा मनस्ताप वाचला असता, म्हणून आधी तेच लिहून टाकते.

बसवण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कार्ड स्लॉटमध्ये गेलं, डिस्प्ले आला, ड्रायव्हर पडला. ब्राउझर, व्हिडिओ सगळं सुरळीत. पण गेम थोडा रंगात आला की मॉनिटरवर ‘नो सिग्नल’, कार्डाचे पंखे एकदम पूर्ण वेगाने घोंघावायला लागायचे आणि स्पीकरमधून गेमचा आवाज मात्र येतच राहायचा. म्हणजे कॉम्प्युटर जागा, फक्त कार्ड गेलेलं. पॉवर बटण दाबून धरण्यावाचून इलाज नाही.

कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टला हे सगळं कळवायला गेले, तर तिकिटाच्या (तक्रार नोंदवायच्या) फॉर्ममध्ये आधी तक्रारीचा प्रकार निवडायचा: डिस्प्ले येत नाही, पंखा फिरत नाही, ड्रायव्हर, इतर. ‘लोड आल्यावर बंद पडतं’ असा पर्यायच नाही. ‘इतर’ निवडलं की फोटो जोडायची सोय गायब. फोटो तर जोडायचाच होता, म्हणून ‘ड्रायव्हर’ निवडावं लागलं, आणि तिथून पुढे त्या तिकिटावरचा प्रत्येक माणूस माझ्याशी फक्त ड्रायव्हरबद्दलच बोलला.

ड्रायव्हर काढून परत टाका. टाकला, तोही सेफ मोडमध्ये डीडीयू (जुना ड्रायव्हर मुळासकट काढणारा प्रोग्राम) चालवून, साफ. (डीडीयू वापरताना इंटरनेट आधी बंद करा. नाहीतर विंडोज अपडेट मधेच स्वतःचा ड्रायव्हर सरकवून देतं.) फरक नाही. मग जुना ड्रायव्हर टाका. मग बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. दर वेळी नवा माणूस, दर वेळी सुरुवातीपासून तीच माहिती. मधे उत्तराला जरा उशीर झाला तर तिकीट आपोआप बंद. शेवटी सल्ला आला की विंडोज फॉरमॅट करा. तेव्हा माझा संयम सुटला. चालू कामाचं मशीन अंदाजाने कुणी फॉरमॅट करत नाही.

त्यांचा सगळा भर इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजच्या नोंदवहीतल्या) एका नोंदीवर होता. कधीकधी स्क्रीन क्षणभर जाऊन परत यायची, तेव्हा तिथे ४१०१ क्रमांकाची नोंद पडायची: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं. नाव ड्रायव्हरचं, म्हणून दोष ड्रायव्हरचा! पण विंडोज करतं काय, तर कार्डाला दिलेलं काम साधारण २ सेकंदांत हललं नाही की ड्रायव्हर रीसेट करतं आणि नोंद टाकतं. मागे कार्डच अडखळलं असेल तर ड्रायव्हर उत्तर देणार कुठून? ही नोंद फक्त लक्षण सांगते. तसंच ‘कर्नल-पॉवर ४१’ बघून घाबरू नका. बटण दाबून मशीन बंद केलं तरी ती नोंद येतेच.

मग मी सपोर्टचा नाद सोडला आणि आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे ते किती वीज ओढू शकतं ती मर्यादा, ७० टक्क्यांवर आणली. संध्याकाळभर तोच गेम, एकदाही स्क्रीन गेली नाही. परत १०० केली, परत काळी. तपमान दोन्ही वेळा ठीकच होतं. म्हणजे संशय ड्रायव्हरवर नाही, विजेवर. तुम्हाला एकच चाचणी करायची असेल तर ही करा. काही उघडावं लागत नाही, काही बिघडत नाही.

आता वायर. माझ्या कार्डाला दोन ८-पिन सॉकेट आहेत. पॉवर सप्लायकडून (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) एकच केबल आली होती आणि तिच्या टोकाला दोन प्लग, एकामागे एक. दोन्ही बसतात, कार्ड सुरूही होतं. हिशोब असा: स्लॉटमधून ७५ वॅट, प्रत्येक ८-पिनमधून १५० वॅट. एकाच केबलवर दोन्ही लावले की ३०० वॅटपर्यंतचा भार एकाच जोडणीवर, आणि गेममध्ये कार्ड काही मिलिसेकंद त्याहूनही कितीतरी जास्त ओढतं. त्या झटक्याला व्होल्टेज खाली बसतं आणि कार्ड मान टाकतं. एकसारखा भार देणाऱ्या स्ट्रेस टेस्टमध्ये माझं कार्ड पास व्हायचं ते यामुळेच. सपोर्टने त्या टेस्टचाच स्क्रीनशॉट कार्ड ठीक असल्याचा पुरावा म्हणून मला परत पाठवला होता.

पॉवर सप्लायच्या खोक्यात दुसरी केबल होती. दोन सॉकेट, दोन स्वतंत्र केबली. कार्डाचा ८-पिन प्लग ६ आणि २ पिनांच्या दोन तुकड्यांचा (६+२) असतो; तो छोटा २-पिनचा तुकडा मोठ्याला घट्ट जुळवून मग आत ढकला आणि क्लिपचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत सोडू नका. त्यानंतर पॉवर लिमिट १०० वर ठेवूनही स्क्रीन गेलेली नाही.

एक फार महत्त्वाचं: जास्तीची केबल दुसऱ्या पॉवर सप्लायची उचलू नका. प्लग सारखा दिसला तरी पॉवर सप्लायकडच्या बाजूची पिनांची जुळणी वेगळी असू शकते आणि कार्डासकट सगळं जळू शकतं. आणि प्रोसेसरची ८-पिन (४+४) आणि कार्डाची ८-पिन (६+२) या वेगळ्या आहेत. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबा.

वायर बदलूनही त्रास राहिला तर पॉवर सप्लायच कमी पडतोय का ते बघा. २०२२ च्या एटीएक्स ३.० या पॉवर सप्लायच्या मानकात हे क्षणिक झटके सोसण्याची अट घातलेली आहे, नवीन घेताना ते बघून घ्या.

तिकीट बंद करताना त्यांनी कारण लिहिलं, ‘ड्रायव्हर पुन्हा टाकल्याने समस्या सुटली’. मी ते तसं बंद होऊ दिलं नाही. केबलचा फोटो जोडून ते पुन्हा उघडायला लावलं आणि खरं कारण लिहून घेतलं.