आमची वाटचाल: चार व्हॉल्व्हपासून तीनपर्यंत

घरातल्या रीफ टँकसाठी, म्हणजे कोरल असलेल्या समुद्री मत्स्यटाकीसाठी, खारं पाणी बनवणारं स्टेशन बसवून देणं, एवढंच काम आमची फर्म करते. वर्कशॉप ठाण्यात वागळे इस्टेटला, कामं घोडबंदर रोडपासून नेरूळ-खारघरपर्यंत. मासे विकत नाही, कोरल तर नाहीच. भारतीय समुद्रातल्या दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे त्या धंद्याच्या वाटेला जायचं नाही हे सुरुवातीलाच ठरलं. आम्ही पाणी बघतो.

पहिली स्टेशनं परदेशी आराखड्यांवरून बांधली. शेजारी शेजारी 200 लिटरचे दोन ड्रम, एकात आरओ-डीआयचं (आरओनंतर डीआय रेझिनमधून काढून उरलेले क्षारही घालवलेलं) शुद्ध पाणी, दुसऱ्यात खारं. खाली एक पंप आणि पाइपवर चार बॉल व्हॉल्व्ह. मांडणी अजून तीच आहे, पण तिच्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू बदलली. ते आराखडे थंड तळघर धरून काढलेले. आपल्याकडे मिळते ती ड्राय बाल्कनी, मे महिन्यात ड्रममध्ये 31-32 अंशांचं पाणी आणि त्यानंतर चार महिने पाऊस.

सगळ्यात आधी हीटर गेला. आपल्याकडे तो नुसता निरुपयोगी नाही, नुकसान करणारा आहे. मरीन सॉल्टमध्ये कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही भरपूर असतात. पाणी तापलं की त्यांचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन ते खाली बसतं. ड्रमच्या भिंतीवर पांढरा थर दिसतो, पंपाच्या इम्पेलरवर कवच चढतं आणि 8 डीकेएचची अल्कलिनिटी (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) 6 वर येते. मीठ खराब निघालं असं ग्राहकाला वाटतं, खरं कारण उष्णता असते. म्हणून साठवून ठेवायचं पाणी असेल तर 7-8 डीकेएच देणारं मीठ घ्या. 11-12 डीकेएचचं मीठ वापरायचं असेल तर पाणी त्याच दिवशी, शक्यतो काही तासांतच टँकमध्ये गेलं पाहिजे. पंपही चोवीस तास चालवायचा नाही. त्याची उष्णता पाण्यातच जाते. मीठ विरघळेपर्यंत तास-दोन तास पुरतात, नंतर वापरायच्या आधी अर्धा तास.

टँक 26 अंशांवर आणि ड्रम 31 वर, हा फरक मात्र बघावा लागतो. 10 टक्के पाणी बदललं तर टँक अर्धा अंश चढतो, त्याने काही बिघडत नाही. 30 टक्के बदललं तर दीड अंश. तेवढं बदलायचं असेल तर पाण्याच्या बाटल्या घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये गोठवा आणि तशाच ड्रममध्ये सोडा.

हीटरनंतर पितळ गेलं. सीपीव्हीसी पाइपच्या आट्यांच्या जोडांत (एफटीए-एमटीए) पितळेचा इन्सर्ट असतो, आणि प्लंबर सवयीने तोच लावतो, कारण घरच्या नळाला तोच चांगला. खाऱ्या पाण्यात पितळ झिजतं आणि तांबं सुटतं. माणसाला ज्या मात्रेचं काहीच वाटणार नाही, त्या मात्रेत कोरल, कोळंबी, गोगलगायी मरतात. आमच्या लाइनमध्ये सगळ्या फिटिंग्ज यूपीव्हीसीच्या, आट्याही प्लॅस्टिकच्या. जॉइंटला सूत-सफेदा नाही, फक्त टेफ्लॉन टेप. सॉल्व्हेंट सिमेंट लावलेली लाइन एक दिवस सुकवायची, मग आरओ पाण्याने दोनदा धुवून ते पाणी सोडून द्यायचं.

ड्रम फूड ग्रेड एचडीपीईचा, नवाच. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतून आलेले निळे ड्रम निम्म्या किमतीत मिळतात, पण आत आधी काय होतं ते कुणी सांगू शकत नाही आणि प्लॅस्टिकने शोषलेलं रसायन धुवून निघत नाही. असा ड्रम ग्राहकाने स्वतः आणून दिला तरी आम्ही बसवत नाही. उजेड आत जाणारा पांढरा ड्रमही नको, त्यात शेवाळ धरतं.

आता आरओ. स्वयंपाकघरातलं मशीन वापरता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. त्यातला टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, आणि डीआय रेझिन त्यात नसतंच. आम्ही लावतो ती साखळी अशी: 5 मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक, बूस्टर पंप, 75 जीपीडीचा (दिवसाला 75 गॅलन पाणी देणारा) मेम्ब्रेन, शेवटी रंग बदलणारं मिक्स्ड बेड रेझिन. बूस्टर पंप सोडून चालत नाही. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 14 पीएसआय. वरच्या मजल्यावर गच्चीवरची टाकी डोक्यावर चार मीटरच असते, म्हणजे जेमतेम 6 पीएसआय, आणि मेम्ब्रेनला 50-60 लागतात. कमी दाबावर पाणी थेंब थेंब येतंच, शिवाय शुद्धही कमी होतं.

75 जीपीडी म्हणजे दिवसाला सुमारे 284 लिटर, तासाला 12. ड्रममध्ये 180 लिटर भरायला पंधरा तास. दर लिटरमागे तीन लिटर वाया जातं, पण त्या पाण्याचा टीडीएस नळाच्या पाण्यापेक्षा फक्त एक तृतीयांशाने जास्त असतो. लादी पुसायला, संडासात टाकायला ते उत्तम. त्यासाठी तिसरा पिंप ठेवाच. पाणीकपातीच्या दिवसांत सोसायटीत तोंड दाखवायचंय.

नवी मुंबईचं मोरब्याचं पाणी मऊ, त्यावर रेझिन पुष्कळ टिकतं. ठाण्यात घोडबंदर रोडला टँकर आला आणि त्यात बोअरचं पाणी असलं की नळाचा टीडीएस चौपट होतो आणि रेझिनचं आयुष्य साधारण चौथाईवर येतं. रेझिन संपत आलं की आधी सिलिका निसटते, आणि टीडीएस मीटरला ती जवळजवळ दिसत नाही. मीटर शून्य दाखवतोय आणि टँकमधल्या वाळूवर तपकिरी थर येतोय, तर रेझिन बदला. रंग तीन चतुर्थांश वर चढला की बदलायचं, मीटरची वाट बघायची नाही.

ड्रम आपोआप भरत राहावा म्हणून आधी साधा फ्लोट व्हॉल्व्ह लावत होतो. दोन लिटर काढलं की आरओ दोन लिटरसाठी सुरू होऊन बंद होणार. मशीन थांबलेलं असताना मेम्ब्रेनच्या शुद्ध बाजूला क्षार झिरपत असतात, त्यामुळे सुरू झाल्यावरची पहिली काही मिनिटं खराब पाणी येतं आणि ते सगळं रेझिनवर पडतं. रेझिन महिन्या-महिन्याला संपायला लागलं तेव्हा कारण कळलं. आता दोन फ्लोट स्विच असतात: 40 लिटरला सुरू, 180 ला बंद. यांत्रिक फ्लोट व्हॉल्व्ह त्याच्या वर, फक्त राखीव म्हणून. त्याच्याही वर पाऊण इंची ओव्हरफ्लो पाइप, थेट नहाणी ट्रॅपमध्ये. स्विच कधी ना कधी अडकतोच, आणि पाणी खालच्या मजल्याच्या सीलिंगला पोचतं.

मिसळण्याचा क्रम: आधी पाणी, पंप चालू, मग मीठ. मिठावर पाणी ओतलं तर तळाला काही क्षण फार दाट द्रावण तयार होतं आणि तिथेच कॅल्शियम कार्बोनेट बसतं. ते परत विरघळत नाही. बहुतेक मिठं लिटरला 36 ते 39 ग्रॅम लागतात. 180 लिटरला 37 ग्रॅमने 6.66 किलो होतं; त्यातलं सुरुवातीला 6 किलोच टाका, मूठ मूठ करून. तासाने मोजा. खारेपणा 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग क्षार) हवा; त्याला एक पीपीटी कमी असेल तर 190 ग्रॅम मीठ, एक जास्त असेल तर पाच लिटर आरओ पाणी.

मोजायचं कशाने, इथे फार मंडळी फसतात. बाजारातला स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारं यंत्र) बहुतेक वेळा साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेला असतो. शुद्ध पाण्यावर शून्य जुळवला तरी समुद्राच्या पाण्याला तो दीडेक पीपीटी जास्त दाखवतो. म्हणजे तुम्ही 35 समजता ते साडेतेहतीसच्या आसपास असतं. तो 35 च्या द्रावणावरच जुळवायचा. द्रावण घरी करता येतं: 36.5 ग्रॅम कोरडं शुद्ध मीठ, 963.5 ग्रॅम आरओ-डीआय पाणी. दोन्ही वजनाने, मापाने नाही. या द्रावणाचं अपवर्तन 35 पीपीटी समुद्राच्या पाण्याइतकंच असतं. त्यावर काचेतली रेघ बरोबर 35 ला आणून स्क्रू फिरवा.

पावसाळ्यात मिठाची गोणी उघडी राहिली की आठवड्यात दगड. मिठातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं. मग किलोच्या मापात मीठ कमी आणि पाणी जास्त येतं, शिवाय गाठींमध्ये कार्बोनेट आधीच तयार झालेलं असतं, त्यामुळे पाणी दुधाळच राहतं. गोणी उघडली त्याच दिवशी आधी चांगली लोळवून घ्या, वाहतुकीत कण खाली-वर वेगळे झालेले असतात. मग एकेका घाण्याचं वजन करून रबरी रिंगच्या डब्यांत भरून ठेवा. या डब्यांची किंमत आता आमच्या कोटेशनमध्येच असते. आधी आम्ही ते ग्राहकावर सोडत होतो आणि दर ऑगस्टला तक्रारी येत होत्या.

जागेबद्दल: एक भरलेला ड्रम 200 किलोच्या वर, स्टँडसकट दोन मिळून सव्वाचारशे. बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला आम्ही ते ठेवत नाही. बीमवरच्या भिंतीलगतच ठेवतो, आणि इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत मागतो. सॉकेट ड्रमच्या पातळीच्या वर, वायरला खाली लोंबता झोल, लाइनवर 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच). मिठाचा पापुद्रा वायरवरून चढत सॉकेटपर्यंत जातो, अगदी कोरडं दिसणाऱ्या ठिकाणीही.

राहिले व्हॉल्व्ह. पंपाआधी दोन: एक आरओ ड्रमचा, दोन खाऱ्याचा. पंपानंतर दोन: तीन खाऱ्या ड्रमकडे परत, चार टँकच्या पाइपकडे. एक आणि तीन उघडले की खाऱ्या ड्रममध्ये पाणी भरतं, दोन-तीनला मिसळतं, दोन-चारला टँकमध्ये जातं, एक-चारला टॉपअपचं, म्हणजे टँकमधून वाफ होऊन घटलेलं भरून काढायचं, पाणी मिळतं. एक आणि दोन चुकून एकत्र उघडे राहिले तर पाणी एका ड्रममधून दुसऱ्यात जाऊन पातळी समान होते. खारं पाणी पातळ झालं तर मोजताना कळतं. पण उलटं झालं, आरओच्या ड्रममध्ये खारं गेलं, तर रोजच्या टॉपअपमधून टँकची सॅलिनिटी चढत जाते आणि कुणाला कळत नाही. चेक व्हॉल्व्ह लावून पाहिले. मिठाने त्यांची झडप अर्धी उघडी अडकते. आता एक आणि दोनच्या जागी एकच एल-पोर्ट थ्री-वे व्हॉल्व्ह असतो. हँडल या ड्रमकडे किंवा त्या ड्रमकडे, दोन्हीकडे एकदम होतच नाही. ड्रमच्या तोंडाशी पंप दुरुस्तीसाठी एकेक साधा व्हॉल्व्ह असतो, पण त्याचं हँडल काढून स्टँडला बांधून ठेवतो.

परतीच्या पाइपचं तोंड पाण्यात बुडतं, म्हणून पाण्याच्या पातळीच्या वर त्याला 3 मिलिमीटरचं भोक पाडतो; नाहीतर पंप बंद झाल्यावर सायफन लागतो. ते भोक मिठाने बुजतं. महिन्याला टाचणी घाला. आणि टॉपअपचं पाणी घेण्याआधी पाइपमधलं पहिलं दोन लिटर बादलीत सोडा, त्यात आधीचं खारं पाणी असतं.