भिंतीतले दार

एखादी वस्ती पायी चालणाऱ्यांची आहे की नाही, हे तिथल्या रस्त्याच्या रुंदीवरून नव्हे, तर सत्तरी ओलांडलेली बाई कोणाचीही सोबत न घेता पाव किलो भेंडी आणायला बाहेर पडते की नाही, यावरून ठरवावे, असे माझे मत आहे. पुण्याच्या जुन्या पेठा या परीक्षेत बऱ्या गुणांनी उत्तीर्ण होतात, आणि गंमत अशी की, त्यांतल्या अनेक गल्ल्यांना पदपथच नाही. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा मांडणीमुळे वाणी, गिरणी, दवाखाना आणि देऊळ जवळजवळ असतात. दुचाक्यांनी हैराण केले, तरी पाय मोडते घेत नाहीत.

शहराच्या कडेला वाढलेल्या नव्या वस्त्यांत रस्ते प्रशस्त असतात, परंतु त्यांच्या कडेने सोसायट्यांच्या लांबलचक भिंती धावतात आणि प्रत्येकीला एकच फाटक असते. त्यामुळे मागच्या खिडकीतून दिसणाऱ्या दुकानात जायलाही मोठा वळसा पडतो आणि दुधाच्या पिशवीसाठी स्कूटर निघते.

पदपथ असूनही चालता येत नाही, हा आणखी एक प्रकार. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट असावी, म्हणजे चाकांच्या दोन खुर्च्या शेजारून जाऊ शकतील, आणि कडेची उंची १५ सेंटीमीटरहून अधिक नसावी. प्रत्यक्षात दुचाक्या चढू नयेत म्हणून कडा उंच केली जाते, टोकाला खांब रोवले जातात; दुचाकीस्वार पुढच्या उतारावरून चढतोच, गुडघे दुखणारे आजोबा मात्र मुकाट्याने डांबरी रस्त्यावर उतरतात. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, जंगली महाराज रस्त्यावर ऐसपैस पदपथही झाले, आणि २०२१ मध्ये ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर वाहने थांबवून पादचारी दिन साजरा झाला. उपक्रम चांगलाच होता. पण चालण्याला सणाची नव्हे, रोजच्या सोयीची गरज असते.

आमच्या सोसायटीपुरते सांगायचे, तर मागच्या भिंतीत एक लहान दार पुरेल. वार्षिक सभेत हा विषय निघाला की सुरक्षेची चिंता व्यक्त होते, कुलपाची किल्ली कोणाकडे राहावी यावर मनसोक्त चर्चा होते आणि ठराव पुढच्या सभेकडे जातो.