ताई कोण आणि धाकटा कोण

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर साताऱ्यातल्या एका शाळेच्या वाचनालयात आठवी-नववीची ९ मुलं थांबली होती. प्रत्येकापुढे मी संपादित करत असलेल्या, अजून न छापलेल्या एका कादंबरीच्या तीन प्रकरणांच्या झेरॉक्स ठेवल्या होत्या. ओळींत दीडपट अंतर, उजवीकडे चार बोटं समास, सोबत पेन्सिल. खुणा तीनच ठरवून दिल्या होत्या. समजलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, कंटाळून ओळी सोडल्या तिथे आडवी रेघ, शेजारच्याला वाचून दाखवावंसं वाटलं तिथे फुली. कागदावर नाव लिहायचं नाही. लेखकाला अशा बैठकीला मी बोलावत नाही. तो समोर असला की मुलं फक्त कौतुक करतात, आणि कौतुकावरून दुरुस्ती करता येत नाही.

कुमारवयीन वाचकांसाठीची ही विज्ञान कादंबरी. साताऱ्याची एक मुलगी अकराव्या वर्षी यानातून निघते आणि परग्रहावरच्या वस्तीत एकटी माणूस म्हणून वाढते. ग्रह लेखकांनी खरा निवडला होता. प्रॉक्सिमा सेंटॉरी हा सूर्यानंतरचा आपल्याला सर्वांत जवळचा तारा, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा. त्याच्याभोवतीचा ग्रह २०१६ मध्ये सापडला. वस्तुमान पृथ्वीपेक्षा निदान किंचित तरी जास्त, ताऱ्यापासून अंतर सुमारे ७३ लाख किलोमीटर, आणि एक फेरी ११.२ दिवसांत. म्हणजे तिथलं वर्ष आपल्या दीड आठवड्याचं.

खरा ग्रह निवडला की सोय होते तशी जबाबदारीही येते. म्हणून अशा प्रत्येक हस्तलिखितासाठी मी एक वेगळी वही घालते. डाव्या पानावर त्या जगाचे आकडे, उजव्या पानावर ते आकडे मोडणारी वाक्यं, प्रकरण आणि पान क्रमांकासह. या वहीची उजवी पानं भराभर भरली. इतक्या जवळ फिरणारा ग्रह चंद्रासारखी एकच बाजू ताऱ्याकडे धरून राहण्याची शक्यता फार मोठी. मग तिथे तारा उगवत नाही आणि मावळत नाही. एका बाजूला कायमचा दिवस, दुसरीकडे कायमची रात्र, मधल्या पट्ट्यात न सरणारी तिन्हीसांज. हस्तलिखितात मात्र ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ २३ वेळा आलं होतं. हे शब्द नुसते गाळून चालत नाही. सकाळ गेली की मुलीची झोप कशावर ठरते, भूक कधी लागते, वस्तीतले सगळे एकाच वेळी झोपतात की पाळीपाळीने, हे सगळं नव्याने रचावं लागतं. लेखकांनी पाळ्या लावल्या, आणि त्यामुळे वस्ती कधीच पूर्ण झोपत नाही ही त्या पुस्तकातली सर्वांत परकी गोष्ट आपोआप तयार झाली.

उजेडाचंही तसंच. प्रॉक्सिमा हा लाल बटू, म्हणजे लहान आणि कमी तापमानाचा तारा. लाल बटू म्हटलं की सगळे आकाश रक्तासारखं रंगवतात. या ताऱ्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ३००० केल्विन, म्हणजे जवळपास घरातल्या जुन्या तारेच्या बल्बइतकं. उजेड त्या बल्बसारखाच तांबूस-पिवळा दिसेल, आणि डोळे त्याला सरावतील. तारा मात्र आभाळात आपल्या सूर्याच्या तिपटीएवढा मोठा दिसेल. ‘रक्तवर्णी’ हा शब्द ९ ठिकाणांहून काढला. त्या जागी मुलीच्या शाळेच्या निळ्या स्कर्टचा रंग तिथे मळकट वाटतो एवढं एकच वाक्य आलं, आणि त्याला नऊपैकी चार मुलांची फुली मिळाली.

पहिल्या प्रकरणात मुलगी घराच्या गच्चीवरून बोट दाखवून ‘तो बघ माझा तारा’ म्हणते. प्रॉक्सिमा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दुर्बीण लागते. त्याच्या शेजारचा ‘मित्र’ (अल्फा सेंटॉरी) हा तारा ठळक आहे, पण साताऱ्याहून तो दक्षिण क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर येतो, मेअखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास. आणि शहराच्या दक्षिणेला अजिंक्यतारा उभा. पायथ्याच्या घरांतून तेवढं आकाश डोंगरच झाकून टाकतो. प्रसंग गच्चीवरून किल्ल्यावर न्यावा लागला. रात्री वडिलांबरोबर चढून जाणारी मुलगी गच्चीवरच्या मुलीपेक्षा कितीतरी जास्त लक्षात राहते.

वनस्पतींना मी हात लावला नाही. लेखक कासच्या पठारावर वर्षानुवर्षं फिरलेले. जांभ्याच्या सड्यावर मातीचा पातळ थर, त्यात नत्र कमी, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती किडे पकडून ती कसर भरून काढतात. हाच नियम त्यांनी तिकडच्या खडकाला लावला होता. कारण खरं असलं की कल्पना कितीही लांब गेली तरी पटते.

सर्वांत जास्त प्रश्नचिन्हं पाचव्या प्रकरणात पडली, आणि ती विज्ञानावर नव्हती, व्याकरणावर होती. परग्रहवासीयांत स्त्री-पुरुष भेद नाही, म्हणून लेखकांनी नपुंसकलिंग वापरलं होतं. एक असेल तर ‘ते म्हणालं’. हे छान बसतं. लेकरू, वासरू, पोरगं यांची माया त्यात येते. पण अनेक झाले की ‘ती म्हणाली’ होतं, आणि मुलगी बोलली तरी ‘ती म्हणाली’च. संवादाच्या एका पानावर कोण बोललं ते नऊजणांपैकी एकालाही सांगता आलं नाही. उपाय साधा निघाला. समूहाला ‘घोळका’ हे एकवचनी नाम दिलं: घोळका म्हणाला, घोळका हलला. नावांचाही असाच घोटाळा होता. ‘किर्झा’ या नावाचं एका पानावर ‘किर्झाला’, दुसऱ्यावर ‘किर्झ्याला’. आकारान्त नाव परग्रहावरचं असलं तरी मराठी वाक्यात आलं की सामान्यरूप मागतं. ओकारान्त नाव विभक्ती निमूटपणे घेतं, म्हणून ते ‘किर्झो’ झालं.

हे सगळं फळ्यावर लिहीत असताना मागच्या बाकावरच्या आठवीतल्या मुलीने हात वर केला. तिच्या कागदावर एकच प्रश्नचिन्ह होतं, आठव्या प्रकरणात. तिथे राखीपौर्णिमेची आठवण काढून नायिका ‘माझा धाकटा भाऊ’ म्हणते.

“मॅडम, भाऊ दीडच वर्षाने लहान आहे ना? मग आता तो हिच्यापेक्षा मोठा झाला. तो हिला ताई म्हणेल का?”

सगळे आकडे वहीत होते, पण वेगवेगळ्या पानांवर. ते आम्ही फळ्यावर एकत्र मांडले. यान पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने वेग वाढवतं, प्रकाशाच्या वेगाच्या ९० टक्क्यांवर पोचल्यावर तसंच जातं आणि शेवटी तितक्याच त्वरणाने वेग कमी करतं. वेग प्रकाशाच्या जवळ गेला की यानातला काळ पृथ्वीवरच्यापेक्षा हळू सरतो. म्हणून पृथ्वीवर या प्रवासाला सुमारे ५.९ वर्षं लागतात, यानातल्या घड्याळात सुमारे ३.७. नुसता ९० टक्के वेग धरून भागाकार केला तर पृथ्वीवरची ४.७ वर्षं येतात. वाढता-उतरता वेग विसरला की चूक होते ती इथेच. नायिका ११ वर्षांची निघाली, पोचली तेव्हा १४.७. भाऊ साडेनऊचा होता, तो १५.४ झाला. आठ महिन्यांनी मोठा.

“पण तिला हे ऐकू कसं येणार?” पुढच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला. त्यामुळे गणित आणखी एक पायरी पुढे गेलं. घरचा निरोप ४.२४ वर्षं उशिरा पोचतो. ती ग्रहावर उतरली त्या दिवशी जो निरोप तिला मिळेल, तो ती निघाल्यानंतर १.७ वर्षांनी पाठवलेला. त्यात भाऊ सव्वाअकरा वर्षांचा. तिच्या कानांना तो साडेतीन वर्षांनी धाकटाच. तिने लगेच दिलेलं उत्तर घरी पोचेल तेव्हा तो पावणेवीस वर्षांचा असेल, आणि पडद्यावर त्याला दिसेल १४ वर्षांची मुलगी. तिला तो लहान, त्याला ती लहान, आणि दोघांचंही बरोबर.

वाचनालयात कोणी काही बोलत नव्हतं. मग त्याच मुलीने फळ्यावर १४ गुणिले ३६५ केलं, ११.२ ने भागलं आणि ४५६ लिहिलं. “तिथल्या वर्षांनी एवढी. तिथे वाढदिवस कोण करणार?”

दुपारी लेखकांना फोन केला. त्यांनी दोन्ही प्रश्न जसेच्या तसे लिहून घेतले. अडचण पानांची होती. पुस्तक डेमी आकाराचं. एकत्र छापल्या जाणाऱ्या १६ पानांचा एक फॉर्म, असे ११ फॉर्म, म्हणजे १७६ पानं. एक फॉर्म वाढला की कागद, प्लेट, किंमत सगळंच वर जातं. नवा मजकूर जितका येईल तितका जुना जायला हवा. सोळाव्या वाढदिवसाचं अख्खं प्रकरण गेलं. त्याच्या जागी निरोपाचं प्रकरण आलं: सव्वाअकरा वर्षांचा भाऊ राखी बांधायला ताई नाही म्हणून चिडून बोलतो, आणि ती ऐकता ऐकता बोटांवर त्याचं आत्ताचं वय मोजते. लेखकांनी पहिल्या खर्ड्यात तिथे तिला रडवलं होतं. ते काढायला मी सांगितलं. मोजणं पुरेसं आहे.

याच प्रकरणात किर्झो शेजारी उभं असतं. तोवर परग्रहवासी मुलीशी बोलताना ‘आम्ही’ म्हणतात, तिला वगळून. इथे किर्झो पहिल्यांदा म्हणतं, “आपण उत्तर पाठवू.” हा ‘आपण’ इथेच पहिल्यांदा ऐकू यायचा असेल तर आधी तो कुठेही नको. संगणकावर शोध दिला तेव्हा परग्रहवासीयांच्या तोंडी १४ ‘आपण’ सापडले. त्यातले ६ आदरार्थी होते, ते ‘तुम्ही’ केले; बाकी ८ ‘आम्ही’ झाले. सरसकट बदल केला असता तर मुलीच्या आईच्या बोलण्यातलेही ‘आपण’ गेले असते, म्हणून एकेक पाहून बदलले.

शेवटच्या प्रुफात मजकूर १७४ पानांवर संपला. उरलेल्या दोन पानांवर लेखकांनी नरतुरंगाचा, म्हणजे हे तारे ज्यात आहेत त्या तारकासमूहाचा, नकाशा काढून दिला आहे. खाली अजिंक्यताऱ्याच्या माथ्याची रेघ, तिच्यावर मित्र, आणि प्रॉक्सिमाच्या जागी एक रिकामं वर्तुळ.