सुटलेली मागची काच, पीयू आणि कूलर

जळगावात कापडी छताची गाडी बाळगायची म्हणजे गल्लीला चेष्टेचा विषय आयताच. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना छत उघडणार कोण? माझी गाडी जुनी, पुण्याहून सेकंड हँड घेतलेली. उन्हाळाभर छत बंदच होतं, तरी मागच्या काचेचा वरचा काठ सुटला. आधी बोटभर फट, मग ती दोन्ही कोपऱ्यांकडे पळाली आणि काच आत, सीटच्या बाजूला कलली.

या काचेला ना फ्रेम ना रबर. कापडाच्या आतल्या अंगाने नुसती चिकटवलेली. त्यामुळे नाशिकच्या सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: काच सुटी येत नाही, अख्खं हूड बदला. खर्चाचा आकडा ऐकला आणि फोन ठेवला.

अजिंठा चौफुलीच्या बाजूला रिक्षांची हूडं शिवणारे एक नाना बसतात. हूडाच्या मागची प्लास्टिकची खिडकी ते बोलता बोलता शिवून देतात. त्यांनी माझ्या काचेवर टिचकी मारली. "भाऊ, हाई काच शे, प्लास्टिक नही. सुई कोठे घालू?" मग त्यांनीच ट्रकच्या काचा बसवणाऱ्या एका पोराला बोलावून घेतलं. मी पट्टी लावून स्क्रू मारायचं सुचवत होतो, पोराने हातच जोडले. टफन्ड काचेला ड्रिल लावलं की छिद्र पडत नाही, अख्ख्या काचेचा चुरा होतो. पुढच्या काचेला लावतात तो पीयूच (पॉलियुरेथेनचा डिंक) इथेही चालेल म्हणाला.

खरा वेळ खाल्ला साफसफाईने. आधीच्या मालकाने कोपऱ्यांत सिलिकॉन भरून ठेवलं होतं, आणि सिलिकॉनचा अंश जरी राहिला तरी त्यावर पीयू धरत नाही. काचेवरून ते ब्लेडने निघालं. कापडावर मात्र ब्लेड जरा जोरात चाललं की अस्तराचे धागे वर येतात, म्हणून नखाने, चिमटीने, जसं निघेल तसं काढत बसलो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं, तेही दर थोड्या वेळाने बदलून. काचेच्या कडेला जी काळी पट्टी असते ती मला शोभेची वाटायची. तिच्यामुळे ऊन थेट डिंकावर पडत नाही, म्हणून पोरगं तिथे ब्लेड अगदी आडवं धरून चालवत होतं. त्यावर प्रायमरचा पातळ हात दिला आणि तो सुकू दिला.

आता नानांची कारागिरी. छत लॉक केलेलं असलं की कापड ताणून बसतं आणि तो सगळा ताण काचेच्या काठावर येतो. तशात चिकटवलं तर पीयू सुकायच्या आतच काठ पुन्हा निघणार. नानांनी पुढचे लॉक सोडायला लावले, छत वीतभर उचलून खाली लाकडी ठोकळे दिले. कापड सैल पडलं. शिवणकामाच्या खडूने त्यांनी काचेवर आणि कापडावर समोरासमोर खुणा केल्या, म्हणजे काच तिरकी बसायला नको. पीयूची सलग वळी फिरली, खुणेला खूण भिडली. आतून गोधड्यांचा टेकू, बाहेरून वाळू भरलेल्या लांबट पिशव्या. काचेला बाक असल्याने सपाट फळी टेकत नाही, वाळू बरोबर बसते.

हे सगळं रात्री उशिरा केलं, कारण नळीवर वापरायच्या तापमानाची मर्यादा छापलेली होती आणि दिवसा शेडमध्ये ती कधीच ओलांडलेली असायची. दुसरी अडचण हवेची. पीयू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, आणि आमच्या मे महिन्यात ओलावा आणायचा कुठून? घरातला वाळ्याचा कूलर उचलून शेडमध्ये लावला. घरच्यांनी ती रात्र पंख्याखाली काढली आणि सकाळी मला ऐकवायचं ते ऐकवलं. पण डिंक छान धरत होता, कडेला नख रुतत नव्हतं. तरी पोराच्या सांगण्यावरून पिशव्या तशाच ठेवल्या आणि छत पूर्ण ताणून लॉक करायची घाई केली नाही.

मग एक दिवस छतावर नळी धरली. वरच्या काठाने पाणी आलं नाही. डाव्या कोपऱ्यात मात्र थेंब धरतो. तिथे कापड दुमडून शिवलेलं आहे आणि पीयूची वळी पातळ पडली असावी असं नानांचं मत. पाऊस लागायच्या आत तेवढा कोपरा पुन्हा करायचा आहे.

काच गरम करणाऱ्या तारांचं एक टोक या सगळ्या ओढाताणीत निघालं. पोरगं म्हणालं, वीज वाहणाऱ्या डिंकाने ते बसतं, मागवू का? मी म्हटलं, जळगावात आणि काच गरम करायची? राहू दे.